गुगल अ‍ॅडसेन्स : एका मराठी ब्लॉगकर्तीच्या हिशेबवहीतून

गेली सात वर्षे मी सांगलीहून गच्चीवरच्या भाजीपाल्याविषयी मराठीत ब्लॉग लिहिते आहे आणि त्यातील पाच वर्षे त्याच्या पानांवर गुगल अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती आहेत. कुंडीतल्या टोमॅटोविषयी विचारायला आलेली माणसे निघताना हळूच विचारतात, यातून पैसे मिळतात का? मिळतात, असे मी सांगते आणि ‘किती’ हा पुढचा प्रश्न येण्याआधी चहा पुढे करते. हे परीक्षण म्हणजे त्या पुढच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. ज्याला आपल्या लेखनाचा व्यवसाय करायचा आहे, त्याच्या हाती हे साधन कितपत उपयोगी पडते, एवढेच मला येथे तपासायचे आहे; केवळ हौसेने लिहिणाऱ्याचा विचार मी केलेला नाही.

अ‍ॅडसेन्स ही सेवा २००३ साली सुरू झाली. तिची कल्पना सोपी आहे. आपण आपल्या पानावर थोडी जागा मोकळी ठेवायची, वाचक ते पान उघडतो त्या क्षणी त्या जागेचा लिलाव होतो, ज्या जाहिरातदाराची बोली सरस ठरते त्याची जाहिरात तेथे उमटते आणि त्या रकमेतील ठरलेला वाटा आपल्या खात्यावर मांडला जातो. जाहिरातदार शोधणे, दर ठरवणे, वसुलीसाठी हेलपाटे घालणे यांपैकी काहीही ब्लॉग लिहिणाऱ्याला करावे लागत नाही. ज्यांनी कधी एखाद्या दिवाळी अंकासाठी ओळखीच्या दुकानदारांकडून जाहिराती गोळा केल्या असतील, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

मराठी लेखकांना मात्र या दारात बराच काळ तिष्ठावे लागले. हिंदीला २०१४ च्या अखेरीस प्रवेश मिळाला, तर मराठीला २०१८ साली. त्याआधीची अनेक चांगली मराठी ब्लॉगलेखनाची वर्षे उत्पन्नाच्या दृष्टीने कोरडीच गेली. त्या काळात लिहिणारे कित्येक जण पुढे समाजमाध्यमांकडे वळले आणि त्यांची जुनी पाने तशीच पडून राहिली, याचे मला आजही वाईट वाटते.

खाते उघडण्याची पद्धत नीटनेटकी आहे. अर्जदाराचे वय अठरा पूर्ण असावे, मजकूर स्वतःचा असावा आणि संकेतस्थळ आपल्या ताब्यात असावे, या मुख्य अटी आहेत. जाहिराती दिसण्यासाठी एक सांकेतिक मजकूर आपल्या पानांत बसवावा लागतो आणि आपल्या वतीने जागा विकण्याचा अधिकार कोणाला आहे हे सांगणारी एक छोटी फाइल संकेतस्थळावर ठेवणे इष्ट असते. ज्यांचा ब्लॉग गुगलच्याच ब्लॉगरवर आहे त्यांना हे काम बहुतांशी मेनूतूनच करता येते. वर्डप्रेसवाल्यांना थोडी खटपट पडते, पण तीही एका संध्याकाळची. खात्यात १० डॉलर जमले, की पत्त्याची खातरजमा करण्यासाठी एक आकडा छापलेले पत्र टपालाने येते आणि तो आकडा चार महिन्यांच्या आत भरला नाही तर जाहिराती थांबतात. जगातील एवढी मोठी संगणकीय यंत्रणा अखेरीस पोस्टमनच्या पिशवीवर विसंबते, हे पाहून मला पहिल्यांदा हसू आले होते. ज्यांच्या पत्त्यात ‘मारुतीच्या देवळामागे’ असे काही लिहावे लागते, त्यांनी तो पत्ता आपल्या पोस्टमनला समजेल अशा पद्धतीने लिहावा, एवढी सूचना मी अवश्य करीन.

वाट्याचे गणित उघड आहे आणि हा या सेवेचा मोठा गुण आहे. जाहिरातदार देतो त्यापैकी ६८ टक्के रक्कम मजकुराच्या पानांवर लेखकाला मिळते, हे गुगलने २०१० साली जाहीर केले. २०२४ च्या आरंभापासून मांडणी बदलली असून खरेदीच्या बाजूचे, म्हणजे जाहिरातदाराच्या वतीने जागा विकत घेणाऱ्या यंत्रणेचे, शुल्क वजा झाल्यावर उरलेल्या रकमेचे ८० टक्के प्रकाशकाला, म्हणजे जागा देणाऱ्या ब्लॉगकर्त्याला, दिले जातात. गुगलच्याच मार्गाने आलेल्या जाहिरातींवर ते शुल्क सरासरी १५ टक्के धरले, तर हिशेब पुन्हा ६८ टक्क्यांवरच येतो. त्याच वेळी मुख्यत्वे क्लिकवर मोबदला देण्याची पद्धत जाऊन जाहिरात दिसण्यावर मोबदला मोजण्याची पद्धत आली. ज्या ब्लॉगवर लोक शांतपणे पूर्ण लेख वाचतात आणि जाहिरातींना सहसा हात लावत नाहीत, त्यांना हा बदल तत्त्वतः सोयीचा आहे.

आता ‘किती’ या प्रश्नाकडे यावे लागेल. येथे सर्वांत महत्त्वाची संज्ञा म्हणजे दर हजार पानवाचनांमागे मिळणारी रक्कम. ती विषयागणिक, देशागणिक आणि महिन्यागणिक इतकी बदलते, की कोणाचाही आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून मी केवळ हिशेबासाठी हजारामागे ४० रुपये हा आकडा धरते. महिन्याला ५० हजार पाने वाचली गेली, तर २,००० रुपये होतात. मराठीत एका माणसाने लिहिलेल्या बागकामाच्या ब्लॉगवर महिन्याला ५० हजार पाने वाचली जाणे ही लहान गोष्ट नव्हे, त्यासाठी वर्षे जातात. शिवाय खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेकडे निघत नाहीत. आजच्या दराने ही रक्कम नऊ हजार रुपयांच्या आसपास जाते, म्हणजे वरच्या गणिताने साधारण साडेचार-पाच महिन्यांतून एकदा बँकेत भरणा होतो. त्यातून ब्लॉगच्या नावाचे वार्षिक शुल्क आणि जागेचे भाडे निघते, वर गांडूळखताची चार पोती येतात. घर चालत नाही.

दर कमी असण्याचा संबंध मराठीच्या योग्यतेशी नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे, कारण आपल्याकडे या विषयावर लगेच गळा काढण्याची रीत आहे. लिलावात किंमत ठरते ती समोर किती खरेदीदार उभे आहेत त्यावर. विमा, कर्जे, शिक्षण, सॉफ्टवेअर यांच्या जाहिरातदारांना एकेका ग्राहकामागे मोठी रक्कम मिळणार असते, त्यामुळे ते चढी बोली लावतात. कुंडी, कोकोपीट आणि निंबोळी पेंड विकणाऱ्याचा नफा तेवढा नसतो, आणि त्यातील बहुतेक जण तर या बाजारात उतरतच नाहीत; गावातल्या रोपवाटिकेचा मालक अजून रिक्षाच्या पाठीमागे फलक लावतो. त्यामुळे माझ्या वाफ्यांच्या लेखाशेजारी मोटारींची आणि खेळांच्या अ‍ॅपची जाहिरात दिसते, जी वाचकाच्याही कामाची नसते आणि जाहिरातदाराच्याही. एक गंमत मात्र अहवालातून कळते. त्यात देशवार वर्गवारी पाहता येते, आणि न्यू जर्सीत बाल्कनीतल्या टबात मेथी पेरणारी मराठी गृहिणी पान उघडते तेव्हा त्याच पानाच्या लिलावात अमेरिकेतील जाहिरातदार उभे असतात आणि तेथील बोली चढी असते. लेख एकच, भाषा एकच, पण वाचक कोठे बसला आहे त्यावर त्याची किंमत बदलते.

जाहिरातींवरील नियंत्रणाच्या बाबतीत अ‍ॅडसेन्स पुष्कळ उदार आहे, फक्त ते नियंत्रण स्वतःहून हाती घ्यावे लागते. २०१८ पासून उपलब्ध असलेली ‘ऑटो अ‍ॅड्स’ची सोय चालू केली, की कोठे आणि किती जाहिराती लावायच्या हे यंत्रच ठरवते. मग तळाला चिकटलेली पट्टी, दोन पानांच्या मध्ये पडदा पडावा तशी पूर्ण पान झाकणारी जाहिरात आणि परिच्छेदांमधले चौकोन हे सगळे एकदम येते. मोबाइलवर वाचणाऱ्या पासष्ट वर्षांच्या माणसाला त्या पडद्याची फुली सापडत नाही आणि तो ब्लॉगच बंद करून जातो. मी ही सोय दोन आठवडे चालू ठेवून बंद केली आणि जागा हाताने नेमल्या. जाहिरातींचे प्रकारही रोखता येतात; झटपट श्रीमंती, ज्योतिष, वजन घटवण्याची औषधे असे गट एकेक करून बंद करता येतात. मी ते सर्व बंद ठेवले आहेत. त्याने बोली लावणारे कमी होतात आणि उत्पन्नही थोडे घटते, परंतु माझ्या पानावर गंडेदोरे विकले जावेत हे मला मान्य नाही.

नियमांपैकी एकच नियम सर्वांनी पाठ करावा, तो म्हणजे स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करू नये आणि दुसऱ्यालाही तसे सांगू नये. हा नियम मोडल्यास खाते बंद होऊ शकते. धोका शत्रूंपेक्षा नातेवाइकांकडून अधिक असतो. आपल्या माणसाला चार पैसे मिळावेत म्हणून प्रेमाने रोज दहा वेळा क्लिक करणारी माणसे प्रत्येक घरात असतात. मंजुरीचा ईमेल आल्याबरोबर मी पहिले काम केले ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘कृपया माझ्या जाहिरातींना कोणीही हात लावू नये’ असा संदेश टाकण्याचे. त्यावर एका काकांनी ‘मग त्या लावल्यास कशाला?’ असे विचारले, आणि तो प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता.

ज्यांनी ब्लॉगचा खरोखर फायदेशीर व्यवसाय केला त्यांनी काय विकले, हे पाहिले म्हणजे काकांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. भारतात या विषयाचा पहिला उल्लेख अमित अग्रवाल यांचाच करावा लागतो. आयआयटी रुरकीतून संगणकशास्त्र शिकलेल्या अग्रवाल यांनी हैदराबादची नोकरी सोडली, ते आग्र्याला परतले आणि २००४ साली ‘डिजिटल इन्स्पिरेशन’ हा तंत्रज्ञानाचा ब्लॉग त्यांनी सुरू केला. पूर्णवेळ ब्लॉगलेखनावर जगणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. इंग्रजीत, जगभरच्या वाचकांसाठी लिहिल्यामुळे जाहिरातींचे उत्पन्न त्यांना मराठी लेखकापेक्षा कितीतरी सुलभ होते. तरीही ते जाहिरातींवर थांबले नाहीत. जीमेलमधून एकाच मजकुराची शेकडो वैयक्तिक पत्रे कशी पाठवावीत, गुगल शीट्सच्या तक्त्यांतील माहितीवरून कागदपत्रे आपोआप कशी तयार करावीत, असे प्रश्न वाचक विचारत राहिले. अग्रवाल यांनी आधी त्यांची उत्तरे लिहिली आणि पुढे त्या उत्तरांचीच गुगलच्या सेवांना जोडता येणारी छोटी सॉफ्टवेअर बनवली. आज त्यांची ओळख जितकी लेखक म्हणून आहे तितकीच या साधनांचा निर्माता म्हणून आहे. लेख वाचून स्वतः करणाऱ्याला ज्ञान फुकट आणि ज्याला वेळ नाही त्याला तयार साधन पैसे देऊन, अशी ही वाटणी मला अतिशय प्रामाणिक वाटते.

अमेरिकेतील ‘पिंच ऑफ यम’ या पाककृतींच्या ब्लॉगची गोष्ट अधिक शिकवणारी आहे, कारण तिच्यात आकडे उघड आहेत. मिनेसोटा राज्यात शाळेत शिकवणाऱ्या लिंडसी ऑस्ट्रम यांनी २०१० साली तो सुरू केला आणि ऑगस्ट २०११ पासून त्या व त्यांचे पती ब्यॉर्क दर महिन्याचा जमाखर्च वाचकांसमोर मांडू लागले. पहिल्या महिन्याची जमा होती २१ डॉलर ९७ सेंट. २०१६ च्या अखेरीस हीच मासिक जमा ९० हजार डॉलरच्या पुढे गेलेली दिसते. मधल्या वर्षांचे तक्ते ओळीने वाचले, की उत्पन्नाच्या रकान्यांची संख्या वाढत गेलेली लक्षात येते: निरनिराळ्या जाहिरातसंस्था, प्रायोजित लेख, दुसऱ्यांच्या वस्तू सुचवल्याबद्दलचे कमिशन आणि खाद्यपदार्थांचे छायाचित्रण शिकवणारे स्वतःचे ई-पुस्तक. २०१३ साली त्यांनी ब्लॉग चालवू पाहणाऱ्यांसाठी वर्गणी घेऊन शिकवणारे वेगळे संकेतस्थळच काढले. जाहिराती त्यांच्याही ताळेबंदात मोठ्या होत्या, हे मी लपवणार नाही. पण त्यांचा वाचकवर्ग इंग्रजी, अमेरिकन आणि अवाढव्य होता, आणि तेवढी वाचनसंख्या मराठी ब्लॉगाला मिळेल असे मानून गणित मांडणे म्हणजे बाजारात तुरी असताना घरात भांडण काढण्यासारखे आहे.

जाहिरातींना जवळजवळ टाळून वाढलेला ब्लॉग पाहायचा असेल, तर ‘वायरकटर’ पाहावा. ब्रायन लॅम यांनी २०११ साली तो सुरू केला. रोज पन्नास बातम्या टाकून वाचनसंख्या फुगवण्याऐवजी एकेका वस्तूची अनेक आठवडे परीक्षा घ्यायची, ‘हीच घ्या’ असे स्पष्ट सांगायचे आणि वाचकाने त्या दुव्यावरून खरेदी केली तर दुकानाकडून कमिशन घ्यायचे, ही त्यांची पद्धत होती. २०१६ साली न्यूयॉर्क टाइम्सने तो सुमारे ३ कोटी डॉलरना विकत घेतला. एमिली वाइस यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘इन्टू द ग्लॉस’ या सौंदर्यप्रसाधनांवरील ब्लॉगमधून २०१४ साली ‘ग्लॉसियर’ ही प्रसाधनांची कंपनी उभी राहिली, तीही अवघ्या चार वस्तूंनिशी. चार वर्षे स्त्रिया काय वापरतात आणि कशाला कंटाळल्या आहेत हे त्या लिहीत आल्या होत्या, तेच भांडवल ठरले. आपल्याकडे मधुरा बाचल यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांचे माध्यम मुख्यतः व्हिडिओ असले तरी व्यवहार हाच आहे, कारण ज्या मसाल्याने भाजी कशी होते हे लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले तोच मसाला पाकिटातून विकायला आला.

या सर्वांनी आपल्या वाचकाची एक नेमकी अडचण ओळखली आणि तिच्यावरचा उपाय विकला. अ‍ॅडसेन्स याच्या उलट टोकाला उभे आहे, कारण तेथे वाचकाची अडचण काय आहे याच्याशी जाहिरातीचा संबंध असेलच याची खात्री नसते. विकली जाते ती त्याची नजर. ओसरी भाड्याने देणे आणि घरात स्वतःचे दुकान थाटणे यांत जो फरक आहे तोच हा फरक आहे. ओसरीचे भाडे वाईट नसते, परंतु ओसरीच्या भाड्यावर कोणी सावकार झालेला मी पाहिला नाही.

असे असूनही मी ही सेवा ठेवली आहे, आणि त्याचे कारण उत्पन्नापेक्षा अहवालांत आहे. कोणते पान किती वाचले गेले हे इतर मोफत साधनांतूनही कळते, पण पैसे आणि वाचन एकाच तक्त्यात शेजारी शेजारी पाहिले, की डोके वेगळ्या दिशेने चालू लागते. मला वाटत होते, की माझे सर्वांत लोकप्रिय पान गुलाबाच्या छाटणीचे असेल, कारण त्यावर मी सर्वांत जास्त मेहनत घेतली होती. प्रत्यक्षात मिरचीच्या चुरडा-मुरड्यावरचे साधेसुधे पान बारा महिने सर्वांच्या पुढे होते. पाने वर वळत असतील तर फुलकिडे, खाली वळत असतील तर कोळी ही कीड, असे त्यात दोन परिच्छेदांत सांगितले आहे. ते वाचून लोक थांबत नसत. ‘ताई, माझ्या मिरचीचा फोटो पाठवते, जरा बघता का?’ असा निरोप रोज येत असे. वाचकाला कशाची गरज आहे हे त्या निरोपांतून कळत होतेच. पण ती गरज किती जणांना आहे हे तक्त्याने दाखवले.

त्यातून रविवारची कार्यशाळा सुरू झाली. पंचवीस माणसे, माणशी ३०० रुपये, प्रत्येकाने आपल्या रोगट रोपाची एक फांदी पिशवीत बांधून आणायची आणि भिंगाखाली पाहायची. एका सकाळचे साडेसात हजार रुपये होतात. वर धरलेल्या दराने तेवढी रक्कम जाहिरातींतून मिळवायची, तर १ लाख ८७ हजार ५०० पाने वाचली जावी लागतील. अर्थात तुलना न्याय्य ठेवायची तर हेही सांगितले पाहिजे, की कार्यशाळेत चहा-पोहे, माती, छापील कागद, भिंगे आणि माझा अख्खा शनिवार-रविवार जातो, तर जाहिरातीचे पैसे मी झोपलेली असताना, आजारी असताना, मुलीच्या लग्नाच्या धांदलीत महिनाभर एक ओळही लिहिली नव्हती तेव्हासुद्धा जमा होत होते. हा गुण क्षुल्लक नाही. जुने लेख पावसाळ्याच्या तोंडाला दरवर्षी नव्याने वाचले जातात आणि जुन्या आंब्याच्या झाडासारखे आपले आपण फळ देतात.

प्रायोजित लेखांचा मार्गही अनेक जण सुचवतात. तो पैशाने सरस आहे यात शंका नाही, पण त्यात निगुतीने वागावे लागते. एका खत-उत्पादकाने मला रक्कम देऊ केली तेव्हा ‘हा लेख प्रायोजित आहे असे कोठेही लिहू नका’ ही अट घातली होती. मी नकार दिला. मोबदला किंवा फुकट वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे ठळकपणे सांगावे, असे जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे आणि ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनाही तेच सांगतात. शिवाय परीक्षणासाठी आलेली वस्तू आपणच ठेवून घेतली आणि अशा लाभांचे मूल्य वर्षात २० हजार रुपयांच्या वर गेले, तर जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के करकपातीची तरतूद आहे. अ‍ॅडसेन्समध्ये हा पेच नाही, कारण जाहिरात जाहिरातीसारखीच दिसते, तिच्यावर तसे लिहिलेले असते आणि माझे मत विकत घेण्याची सोय जाहिरातदाराला मिळत नाही. लेखकाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने ही व्यवस्था प्रायोजित लेखापेक्षा स्वच्छ आहे.

हिशेबाच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे नाही. पैसे साधारणपणे महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात, ते करपात्र उत्पन्न असते, आणि सेवांसाठी वर्षाला २० लाख रुपयांच्या पुढे उलाढाल गेल्यास जीएसटी नोंदणीचा विषय येतो. ती वेळ आली तर आनंदाने सनदी लेखापालाकडे जावे.

दोषांपैकी सर्वांत गंभीर दोष या सेवेच्या रचनेतच आहे. वाचक माझ्याकडे येतो तो बहुतांशी गुगलच्या शोधातून, त्याला जाहिरात दाखवते गुगल, त्या जाहिरातीची बोली चालते गुगलच्या बाजारात आणि माझा वाटा मोजतेही गुगलच. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयाने संकेतस्थळांवरील जाहिरातींच्या व्यवहारात गुगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निर्णय दिला, तो मोठ्या प्रकाशकांच्या साधनांविषयी होता. पण एकाच हातात एवढे धागे असण्याचा अर्थ छोट्या लेखकालाही समजण्यासारखा आहे. त्यात २०२४ पासून शोधपानाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर दिसू लागले. मिरचीची पाने वर का वळतात, याचे दोन ओळींचे उत्तर वाचकाला तेथेच मिळाले, तर तो माझे पान उघडणार नाही, आणि पान उघडले नाही तर जाहिरात दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पानवाचनावर अवलंबून असलेले प्रत्येक उत्पन्न आता या एका गोष्टीपुढे कच्चे आहे. भिंगाखाली फांदी पाहायला येणारी माणसे मात्र शोधपानावर अडत नाहीत. म्हणून गेल्या वर्षापासून मी प्रत्येक लेखाखाली ईमेल नोंदवण्याची सोय ठेवली आहे आणि दर पंधरवड्याला त्या यादीवर हंगामाची कामे पाठवते. त्या यादीपर्यंत पोहोचायला मला कोणाचीही परवानगी लागत नाही.

मग ही सेवा घ्यावी कोणी? ज्याच्या ब्लॉगवर पन्नास-साठ चांगले लेख आहेत, रोज काही शे माणसे येतात आणि ज्याला अजून काय विकावे हे उमगलेले नाही, त्याने ती निःसंकोच घ्यावी. खर्च काही नाही आणि शिकायला भरपूर मिळते. ज्याने आठ लेख लिहून नोकरीचा राजीनामा टंकायला घेतला आहे, त्याने आधी वर दिलेले ४० रुपयांचे गणित स्वतःच्या वाचनसंख्येवर करून पाहावे. आणि ज्याचे स्वतःचे काही विकण्यासारखे तयार आहे, मग ते लोणचे असो, शिकवणी असो, शिवणकामाचे नमुने असोत की सल्ला, त्याने त्या विक्रीच्या पानावर जाहिरात लावूच नये, कारण दाराशी आलेले गिऱ्हाईक चार पैशांसाठी शेजारच्या दुकानात पाठवण्यासारखे ते आहे. सुलभता, पारदर्शक वाटा आणि अहवाल यांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, मराठी लेखकाच्या उदरनिर्वाहाचे साधन म्हणून दीड.

सध्याची माझी मांडणी अशी आहे. जुन्या लेखांवर प्रत्येकी दोन जाहिराती, एक मध्यावर आणि एक शेवटी. पडदे आणि तळाच्या पट्ट्या बंद. पहिल्या परिच्छेदाच्या वर काहीही नाही. मिरचीच्या पानावरील दोन्ही जाहिराती मी गेल्या जूनमध्ये काढून टाकल्या आणि त्या जागी पुढच्या कार्यशाळेची तारीख व नाव नोंदवण्याचा क्रमांक ठेवला आहे.